वाटणीचं मडकं

एरिदू या प्राचीन नगरीच्या देवळात दर नव्या वर्षी देवांच्या वाटणीच्या मातीच्या गोट्या मडक्यातून काढत. यंदा तो मान पुजारी उरनिगारच्या लेकीला, निनदादाला मिळाला.

आकाश अनू देवाला गेलं, जमीन एनलिलला आणि पाणी एन्कीला. तिन्ही गोट्या निघाल्या. निनदादानं मडकं उचललं, तर आत काहीतरी खडखडलं.

"बाबा, अजून एक आहे."

"आता उरलंय काय वाटायला? नीट बघ, लोक खोळंबलेत."

तिनं हात घातला. मडकं जेमतेम वीतभर खोल होतं, पण तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"बाबा, तळच लागत नाहीये."

उरनिगार घाईनं पुढे आला. तेवढ्यात आतून कुणाच्या तरी बोटांनी तिचा हात चाचपला आणि गोटी निवडावी तसा घट्ट धरला.