ओ दिली ती दिली

लोहगडाच्या पायथ्याला बचावपथकाच्या खोलीत राजेश्वरीनं संगणकावर नवा डेटाबेस बसवला, जगभरच्या लोकांनी मिळून घडवलेला, सर्वांना वापरायला खुला. गडावर चढणाऱ्यांची नावं त्यात राहणार होती. "एक नाव गळालं, तर धुक्यातला मानूस कोन हुडकंल?" पथकाचे म्होरके हौशीरामभाऊ धास्तावले. चाचणीसाठी पोरं मोबाइलवरून नावं भरत असतानाच तिनं संगणकाची वायर उपटली. "आगं, काय केलंस ह्ये!" भाऊ ओरडले. तिनं तो पुन्हा चालू केला. बंद पडण्याआधी ज्या ज्या नावाला त्यानं 'नोंदलं' असं उत्तर दिलं होतं, ते प्रत्येक नाव जसंच्या तसं उभं राहिलं. धुक्यातल्या हाकेला एकदा 'ओ' दिली, की त्या माणसाला घेतल्याशिवाय भाऊ कधी गड उतरले नव्हते. पथकातल्या नव्या गड्याच्या गळ्यात घालायची शिट्टी त्यांनी संगणकाला अडकवली. "ह्यानं बी ज्याला ओ दिली, त्याला सोडलं न्हाई."