उत्तरेची हाक

परवाच्या वादळात बाबांच्या होडीची हाक वायरलेस केंद्राला ऐकू का आली नाही, ते बघायला प्रणिता मनोऱ्यावर चढली. केंद्रासाठी तिने चारी दिशांचं सारखं ऐकणारा अँटेना निवडला होता. वर भलताच होता, फक्त दक्षिणेकडे तोंड केलेला.

खाली निनाद उभा होता. बसवण्याचं काम त्याचं होतं.

"मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या बोटी दक्षिणेला जातात," तो म्हणाला. "त्यांना लांबून बोलता यायला हवं होतं. आपलं पुढचं काम त्यांच्याच हातात आहे."

"आणि मला सांगितलंस, तुझाच बसवलाय."

निनादने मान खाली घातली. पुढच्या महिन्यात दोघांचं लग्न होतं. प्रणिता घराकडे निघाली.

बाबा ओटीवर बसले होते. उत्तरेला होडी बुडाली तेव्हा ते कसेबसे वाचले, धाकटा काका गेला.

"होडी सोडून खडकाकडे पोहत जाऊ, म्हणत होता तो," बाबा हळूच म्हणाले. "मीच अडवलं, बाय. म्हटलं, आपल्या पोरीने अँटेना लावलाय, मदत येईल."