आठ महिन्यांनी आरशात

कॅन्सरच्या ऑपरेशनला आठ महिने झाले, तरी छातीवरच्या व्रणात कळ उठली की मालनताई हातातलं काम सोडून बसायच्या. कॅन्सर परत तर आला नसेल? व्रणाकडे बघायचाही त्यांना धीर नव्हता. आज त्यांच्या यजमानांनी, दिगंबररावांनी, दवाखान्यातून कातडीखालचं दाखवणारा आरसा आणून समोर धरला.

"डोळे उघड गं."

त्यांनी उघडले. ऑपरेशनमध्ये कापलेल्या संवेदनेच्या नसांना केसाहून बारीक कोंब फुटले होते आणि अंधारात एकमेकांना शोधत सरकत होते. दोन टोकं भेटली, ठिणगी चमकली आणि त्याच क्षणी ती ओळखीची कळ उठली.

"अगंबाई! म्हणजे इतके दिवस हे चाललं होतं?"

त्यांचा चेहरा पाहून दिगंबरराव गोळी आणायला उठले. मालनताईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो. त्या कोपऱ्यातली दोघं आता भेटतीलच."