सगळे सपाट

शब्दकोशाच्या कचेरीत 'इक्वल' या शब्दाची पाळी आली. मूळ लॅटिन, अर्थ 'सपाट, एका पातळीवरचं', असं टायपिस्ट बाईंनी टाइप केलं आणि कागद संपादकसाहेबांपुढे ठेवला. वाचता वाचता साहेबांच्या अंगात वारं शिरलं.

"म्हणजे समान व्हायचं, तर आधी पातळी एक हवी! आणि आपल्या खुर्च्या बघा!"

दुपारी सुतार आला. सगळ्यात बुटक्या खुर्चीच्या मापाने त्याने सगळ्यांच्या खुर्च्यांचे पाय कापले, साहेबांच्यासुद्धा. बाई मुळात चणीने लहान. त्यांची हनुवटी टेबलाला टेकली.

"साहेब, हात मशीनपर्यंत पोचत नाहीत."

"मग टेबलं कापा!"

टेबलं कापली, तर मुद्रितशोधकांचे लांब गुडघे खाली अडकले. ते उठले की टेबलही उठायचं. शेवटी साहेबांनी सगळं सामानच बाहेर काढायला लावलं. कचेरीतले आठही जण फरशीवर मांडी घालून बसले, तेव्हा कुठे साहेबांचा जीव भांड्यात पडला.

"याला म्हणतात समानता! बाई, या खुशीत सगळ्यांसाठी फक्कड चहा टाका."

हे ऐकलं की बाई बारा वर्षं उठत आल्या होत्या. आज त्या जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, मी उठले तर तुमच्यापेक्षा उंच होईन."

साहेबांनी बाईंच्या कागदावर पुन्हा एकदा अर्थ पाहिला. मग हात जमिनीला टेकले आणि रांगत रांगत चहा करायला निघाले.