माधवचं ताट

मूर्तिकार निर्मला पोतनीस वर्षातून एकदा, आपण घडवलेले मृतांचे पुतळे ज्या घरांत होते, तिथे जात. पुतळ्यांची नखं वाढत, मानेमागच्या नळीवर श्वास चाले, अंग हाताला कोमट लागे. माधव वारून दोन वर्षं झाली होती, पण त्याचा पुतळा पाटावर मांडी घालून बसला होता.

संध्याकाळी त्याच्या बायकोला, रेवतीला, सोमवार सोडायचा होता. तिनं पुतळ्यापुढे ताट वाढलं आणि बाजूला उभी राहिली.

"तू बस ना जेवायला," निर्मलाताई म्हणाल्या.

"आधी तो जेवेल," सासूबाई म्हणाल्या. "वाफ जिरली की त्याचं झालं. मग ही त्याच ताटात बसते. नवरा समोर आहे, सवाष्ण आहे हो अजून!"

"दोन वर्षं गार भात खातेय, ताई," रेवती पुटपुटली. "माहेरीही जाऊ देत नाहीत. यांना एकटं कसं ठेवायचं म्हणे."

निर्मलाताईंचा आवाज कधी चढत नसे. आताही चढला नाही. त्यांनी पुतळ्याच्या मानेमागची नळी उपटून काढली. छाती हलायची थांबली.

"अहो, मारलंत माझ्या लेकाला!"

"तो केव्हाच गेला, काकू. देवाच्या नैवेद्यालासुद्धा कुणी इतकं ताटकळत नाही, आणि या मुलीला तुम्ही बाहुल्याचं उष्टं घालताय! तो मीच आणून बसवला, ते पाप माझं. आज तरी सुतक धरा."

सासूबाई हंबरडा फोडून रडू लागल्या. रेवतीनं स्वतःसाठी वेगळं ताट घेतलं, भातावर तूप वाढलं आणि तोंड भाजेल इतक्या घाईनं पहिला घास घेतला.