रेघ जरा सरकवा

जलद बसच्या मार्गावरून पालिकेची सभा पेटली होती. नकाशे काढणारा कारकून टेबलावर वाकून रेघ खोडत होता.

"माझ्या बंगल्यावरून नेता? सरकवा!" एक नगरसेवक गरजला. कारकुनानं सरकवली. दुसऱ्याचा लॉज आडवा आला. पुन्हा सरकवली. तिसऱ्याच्या मेव्हण्याचा पेट्रोल पंप निघाला. आता रेघ कारकुनाच्याच गल्लीत शिरत होती. त्याच्या दोन खोल्यांपाशी हात अडला.

"थांबलास का रे? कोण राहतं तिथं?" महापौरांनी विचारलं.

"मीच राहतो, साहेब. बायकोपोरं आहेत."

मग महापौर मोकळेपणानं हसले.

"अरे, मग आपलाच माणूस की! हरकतीचा प्रश्नच मिटला. घे, शाईनं पक्की कर."