कान देऊन बसलेला कॉम्प्युटर

धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आला, तरी एकोडी गावात घरून काम करणाऱ्या कामिनीला तिची पुण्यातली कंपनी सुट्टी देत नव्हती. त्या दुपारी कॉम्प्युटरचे कोणते पोर्ट, म्हणजे बाहेरचे संदेश आत येण्याच्या वाटा, उघडे आहेत हे पाहायला तिने कमांड दिली, तर काळ्या पडद्यावर 'लिसनिंग' या शब्दाची रांगच लागली.

"हे एकच एक काय लिहून आलं?" तिच्या सासूबाईंनी, आनंदाबाईंनी, विचारलं.

"कंपनीकडून काही येते का म्हणून हा कान देऊन ऐकून राहिला, आई," म्हणत कामिनी चहा ठेवायला उठली.

परत आली, तर सासूबाई पडद्याला तोंड लावून रडवेल्या आवाजात बोलत होत्या,


"साहेब, कामिनीले चार दिवस सुट्टी द्या जी. तिची सासू मेली."